हाड सांधणारी वेल आणि हाड खाणारी बाटली

(विहाराच्या वर्धापन दिनी संध्याकाळच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही डॉक्टर नाही, वैद्य नाही. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभं राहून आमची हयात गेली. शाळा सातवीत सुटली. पुढचं शिक्षण झालं ते रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत, पुस्तकं मागून आणून. तेव्हा आम्ही जे बोलणार आहोत त्यात विद्वत्ता शोधू नका. समितीने आम्हाला 'वनौषधी आणि आरोग्य' असा विषय दिला. आम्ही तो थोडा अरुंद करून घेतला आहे. दारूने हाडं मरतात, आणि त्यावर झाडपाल्याचं औषध चालतं का, एवढंच आज बोलायचं आहे.

हा विषय आमच्या घरातला आहे. पाठीमागच्या रांगेत खुर्चीवर आमचा धाकटा भाऊ बसलेला आहे. बाकी सगळे सतरंजीवर मांडी घालून बसलेत, तो खुर्चीवर का, हे पोरंसोरं विचारतात. आज आम्ही ते त्याच्या परवानगीने सांगतो. तोच म्हणाला, "दादा, सांग सगळं. लपवून काय मिळालं?"

बंधू-भगिनींनो, २०१६ च्या पावसाळ्यात त्याची जांघ दुखायला लागली. वय तेव्हा ३८. रोज कामावरून येताना एक क्वार्टर, अशी बारा वर्षं झाली होती. दुखणं जांघेतून गुडघ्यापर्यंत उतरायचं, म्हणून त्याला वाटलं गुडघाच गेला. गुडघ्याचा फोटो काढला, फोटो चांगला. दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. मग एका पौर्णिमेला वंदनेच्या वेळी तो भिंतीला टेकून पाय लांब करून बसला. आम्ही रागावलो. बुद्धमूर्तीकडे पाय करून बसतोस का म्हणून. तो हळूच म्हणाला, "दादा, मांडीच पडंना आता." आम्हाला ते नाटक वाटलं. आज सांगतो, ती आजाराची पहिली खूण होती आणि आम्ही ती धमकावून गप्प केली.

आता हा आजार काय आहे ते समजून घेऊ. डॉक्टर त्याला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात, दवाखान्यात नुसतं 'एव्हीएन' म्हणतात. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं, ते कंबरेच्या खोबणीत फिरतं. त्याला आपण खुबा म्हणतो. आमच्या गिरणीच्या भाषेत सांगायचं तर ते बेअरिंग आहे. बेअरिंगला ग्रीस जायला एक बारीक निप्पल असतं. निप्पल बुजलं तर बेअरिंग बाहेरून चकचकीत दिसतं आणि आतून जळत जातं. खुब्याच्या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या अशाच थोड्या आणि बारीक असतात. दारूने रक्तात आणि हाडाच्या मगजात चरबी वाढते, या वाहिन्या कोंडतात, आतला दाब वाढतो. ज्या मूळ पेशींपासून हाड तयार व्हायचं त्या चरबीच्या पेशी बनायला लागतात. रक्त नाही, तर हाड उपाशी मरतं. त्या मेलेल्या हाडावर आपण चालतो, ओझं उचलतो, जिना चढतो. मग एक दिवस गोळा चेपतो.

सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. पुष्कळ वेळा एका बाजूला दुखतं आणि आजार दोन्ही बाजूंना असतो. म्हातारपणाचा हा रोग नाही. तिशी-चाळिशीतल्या कमावत्या माणसाला तो गाठतो.

पडझड, अपघात सोडला तर या आजाराची दोन मोठी कारणं आहेत. एक दारू आणि दुसरं स्टेरॉईड. हे दुसरं नाव ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. आणखी एक सांगतो. सिकलसेलच्या रुग्णांचाही हाच गोळा मरतो, आणि विदर्भात आपल्या समाजात व आदिवासी बांधवांत सिकलसेल बराच आढळतो. म्हणून लंगडणाऱ्या प्रत्येकाला दारुडा म्हणू नका.

किती दारूने हाड जातं? जपानमधल्या संशोधकांनी १९८८ साली याचा हिशेब मांडला. आठवड्याला ४०० ते १००० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल पोटात जाणाऱ्याला हा धोका न पिणाऱ्यापेक्षा सुमारे १० पट, आणि १००० च्या पुढे सुमारे १८ पट. चारशेच्या आतही धोका वाढलेलाच होता. आता आपला हिशेब करा. १८० मिलिलिटरची क्वार्टर, बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं. म्हणजे एका क्वार्टरमध्ये ७७ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. रोज एक धरली तर आठवड्याचे झाले ५३९. "मी काय जास्त पितो, एकच क्वार्टर," असं म्हणणारा माणूस दहा पटीच्या रांगेत उभा आहे. हातभट्टीवाल्याच्या बाटलीवर तर काही लिहिलेलंच नसतं.

आणि खुबा सोडून बाकीची हाडंही सुटत नाहीत. दारू हाड बांधणाऱ्या पेशींना दाबून टाकते. पिणारा जेवत नाही, यकृत बिघडल्यावर ड जीवनसत्त्वाचं कामही बिघडतं. हाड ठिसूळ होतं, त्यात झोकांडी खाऊन माणूस पडतो, आणि मोडलेलं हाड जुळायलाही जास्त दिवस घेतं.

आता झाडपाल्याकडे येऊ. आमच्या आजोळी बैलाचा पाय मोडला की कांडवेल कुटून लेप बांधायचे. ही वेल तुम्ही कुंपणावर पाहिली असेल. चौकोनी धारेचं हिरवं खोड, बोटभर अंतरावर एकेक पेर, जणू हाडाला हाड जोडलेलं. तिलाच हाडजोड, हाडसांधी म्हणतात, संस्कृतात अस्थिशृंखला. कच्ची खाल्ली तर तोंड-घसा खाजतो, कारण तिच्यात ऑक्झलेटचे टोकदार कण असतात. म्हणून जाणत्या बाया कोवळ्या शेंड्यांची भाजी करताना चिंच घालतात.

या वेलीवर नुसत्या आजीबाईंचा विश्वास नाही. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. के. एन. उडुपा आणि जी. सी. प्रसाद यांनी १९६० च्या दशकात जनावरांवर प्रयोग केले. हाडजोड दिलेल्या जनावरांचं मोडलेलं हाड लवकर सांधलं. आयुर्वेदात लाक्षादी गुग्गुळ म्हणून गोळी आहे, तिच्यात लाख, हाडजोड, अर्जुनसाल, अश्वगंधा, नागबला आणि गुग्गुळ असतो. हाडाच्या दुखण्यावर वैद्य पंचतिक्ताचं तूप आणि त्याच्या बस्तीही देतात. पंचतिक्त म्हणजे कडुनिंब, गुळवेल, अडुळसा, रिंगणी आणि कडू पडवळ. एव्हीएनच्या काही रुग्णांना अशा उपचाराने दुखणं कमी झालं, चालणं सुधारलं, असे अनुभव वैद्यांनी छापलेले आहेत.

पण मित्रांनो, इथे प्रामाणिकपणे बोललं पाहिजे. मोडलेलं हाड आणि मेलेलं हाड यांत फरक आहे. मोडलेल्या हाडाला रक्त असतं, ते स्वतःच सांधायला निघालेलं असतं, वेल त्याला हात देते. मेलेल्या हाडाला रक्तच पोचत नाही, मग औषध तरी कोणत्या वाटेने पोचणार? दुखणं कमी होणं आणि चेपलेला गोळा पुन्हा गोल होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेपलेला गोळा कोणत्याही पाल्याने गोल होत नाही. आणि माणूस रोज पीत असेल तर एका हाताने भिंत बांधायची आणि दुसऱ्या हाताने पाडायची, असा तो प्रकार आहे.

हे सगळं आम्ही आज सांगतो. त्या वेळी आम्हाला हे कळत नव्हतं, आणि मोठी चूक तिथेच झाली. आम्ही चार पुस्तकं वाचलेली, वस्तीत आम्हाला लोक झाडपाल्याचं विचारायला यायचे. त्याचा थोडा ताठा होता. दवाखान्यात सांगितलेला एमआरआय आम्हाला पैसे काढायचा धंदा वाटला. रस्त्याच्या कडेला तंबू ठोकून बसलेल्या एका वैदूकडून आम्ही भावासाठी पुड्या आणल्या. महिन्याचे दीड हजार. "शुद्ध जडीबुटी, हाडजोड आणि शिलाजीत," तो म्हणाला. वर ना नाव, ना तारीख.

चौथ्या दिवशी दुखणं थांबलं! भाऊ जिना चढायला लागला. भूक वाढली, गाल भरले. आई म्हणाली, "लेकराचं तोंड किती भरलं बघ." आम्ही याच विहारात पाच-दहा जणांना त्या वैदूचा पत्ता दिला. त्यांची आम्ही आज जाहीर माफी मागतो. दुखणं नाही म्हटल्यावर भाऊ पीतही राहिला आणि ओझंही उचलत राहिला. आठ महिन्यांनी एका सकाळी त्याला उजवा पाय जमिनीवर टेकवेना.

तेव्हा कुठे एमआरआय झाला. दोन्ही खुबे गेलेले, उजवा चेपलेला, डावा सुरुवातीचा. डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. "दारू किती?" आणि "कोणती पुडी-बिडी चालू होती का?" आम्ही पुडी दाखवली. ते म्हणाले, "चार दिवसांत दुखणं गायब, भूक वाढली, चेहरा गोल झाला. ही स्टेरॉईडची लक्षणं आहेत. अशा बिननावाच्या पुड्यांत ते मिसळलेलं सापडतं." त्या पुडीची तपासणी काही झाली नाही, तेव्हा तिच्यात काय होतं हे आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही. पण बंधूंनो, मघाशी सांगितलं ते आठवा. हे हाड मारणारी दोन मोठी कारणं, दारू आणि स्टेरॉईड. एक तो स्वतः पीत होता. दुसरं, बहुधा, सख्ख्या भावाने पैसे मोजून आणून दिलं.

उजवा खुबा बदलावा लागला. डाव्याला हाडात छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याचं ऑपरेशन केलं. ते सुरुवातीच्या अवस्थेतच उपयोगी पडतं. डॉक्टरांनी बजावलं, "हा खुबा वाचवायचा असेल तर एक थेंब नको." त्याने सोडली. सोडली म्हणजे सहज नाही. पहिल्या आठवड्यात हातपाय थरथरले, रात्री भिंतीवर किडे दिसायला लागले. दवाखान्यात होता म्हणून निभावलं. रोज पिणाऱ्या माणसाने घरच्या घरी एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून माता-भगिनींनो, धन्याला खोलीत कोंडून दारू सोडवू नका. सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात न्या. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा केंद्र सरकारचा मोफत फोन नंबर आहे, तो भिंतीवर लिहून ठेवा.

यानंतरही आमचा शहाणपणा संपला नव्हता! भाऊ सुटून तीन महिने झाले, अंगात ताकद यावी म्हणून आम्ही त्याला अश्वगंधारिष्टाची बाटली आणली. या वेळी चांगल्या दुकानातून, पावतीसकट. दोन दिवस घेतल्यावर तो स्वतःच बाटली घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, "दादा, हे नको. घशाखाली उतरलं की आतलं जागं होतंय."

आम्ही लेबल वाचलं. आसव आणि अरिष्ट ही औषधं आंबवूनच तयार होतात, त्यांत आपोआप अल्कोहोल बनतं, बारा टक्क्यांपर्यंतही असू शकतं. दशमूलारिष्ट, बलारिष्ट, द्राक्षासव सगळी त्याच जातीची. वैद्याने योग्य माणसाला योग्य मात्रेत दिलं तर ते औषधच आहे. पण दारू सोडलेल्या माणसाच्या हातात ती बाटली देऊ नये. वैद्याला स्पष्ट सांगावं, "यांनी दारू सोडली आहे, चूर्ण किंवा गोळी द्या." भाऊ ते ओळखू शकला, आम्हाला पुस्तकं वाचून ओळखता आलं नाही.

आणखी एक सावधगिरी. पिणाऱ्याचं यकृत आधीच थकलेलं असतं. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. हा वाद मोठ्या लोकांचा, आपण त्यातून एवढंच घ्यावं की 'झाडपाला आहे, अपाय होणार नाही' हे वाक्य खरं नाही. ज्याने गुण येतो त्याने अवगुणही येऊ शकतो.

बौद्ध वाङ्मयात जीवकाची कथा आहे. तक्षशिलेला सात वर्षं शिकल्यावर गुरूने त्याला सांगितलं, गावाभोवती योजनभर फीर आणि औषधी नाही अशी एक वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परत आला. औषधी नाही असं झाडच सापडलं नाही. गुरू म्हणाले, तुझं शिक्षण पूर्ण झालं. ही कथा आम्ही पूर्वी भाषणात सांगायचो ती झाडपाल्याची थोरवी म्हणून. आता आम्हाला तिच्यात दुसरंही दिसतं. एक एक झाड पारखायला जीवकाला सात वर्षं लागली. आम्ही सात मिनिटांत पुडी घेतली.

दुसरी कथा सागत थेरांची. त्यांनी भयंकर नागाला वश केलं होतं. लोकांनी कौतुकाने घरोघरी दारू पाजली, आणि तेच थेर कोसंबीच्या वेशीत पडलेले सापडले. भगवंतांनी भिक्खूंना विचारलं, जो नागाला वश करत होता तो आता पाण्यातल्या विरोळ्याला तरी वश करू शकेल का? आणि मद्यपान न करण्याचा नियम घातला. आपल्या वस्तीतले किती नागाला वश करणारे तरुण आज वेशीत पडलेले आहेत, तुम्हीच मोजा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पाचवं शील आपण दर पौर्णिमेला म्हणतो. आम्हाला आता असं वाटतं की ते शील हेच हाडाचं पहिलं औषध आहे. दारू सोडल्यावर काही आठवड्यांतच हाड बांधणाऱ्या पेशी पुन्हा कामाला लागतात, असं डॉक्टरांच्या अभ्यासात दिसलेलं आहे. एवढ्या लवकर गुण देणारी जडीबुटी आम्हाला माहीत नाही.

शेवटी, घरी काय करायचं ते सांगतो आणि थांबतो.

पहिलं, पिणारा माणूस जांघेत दुखतं म्हणाला, मांडी पडेना, उकिडवं बसवेना, तर गुडघ्याचा फोटो काढून थांबू नका. खुब्याची तपासणी करायला सांगा. आपल्या छत्रपती संभाजीनगरात घाटी दवाखाना आहे. १९५६ पासूनचं हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, तिथे हाडांचा विभाग आहे. खर्चासाठी महात्मा फुले योजनेत काय बसतं ते आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधारकार्ड बरोबर न्या.

दुसरं, झाडपाला घ्यायचा तर नोंदणी असलेल्या वैद्याकडून, लेबल, घटक, परवाना क्रमांक आणि तारीख असलेला. दोन-चार दिवसांत जादू करणारी पुडी दिसली की संशय घ्या. ॲलोपॅथीच्या डॉक्टरला वैद्याचं औषध सांगा आणि वैद्याला डॉक्टरचं.

तिसरं, हाडाचं खाणं स्वयंपाकघरात आहे. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास असतं, शेवग्याच्या १०० ग्रॅम पाल्यात तीनशेच्या वर, तिळात तर हजाराच्या वर. नाचणीची भाकरी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, तिळाची चटणी, डाळ, जमेल तसं दूध-अंडी आणि अंगावर ऊन. शेवगा आपल्या विहाराच्या मागे उभा आहे, पाला फुकट आहे.

चौथं, ज्याने सोडली त्याला जवळ घ्या. आमचा भाऊ ऑपरेशननंतर दोन वर्षं विहारात आला नाही. खाली बसता येत नाही आणि वर बसायची लाज वाटते, म्हणून. मग समितीने मागे चार खुर्च्या ठेवल्या. आज त्यांतल्या तीन भरलेल्या आहेत. डावा खुबा त्याचा अजून शाबूत आहे. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी फोटो बघून तसं सांगितलं.

चौथी खुर्ची रिकामी आहे. ती तशीच राहावी, पण कुणाला लागलीच तर त्याने लाजू नये. सभा संपल्यावर आम्ही आणि भाऊ दारापाशी थांबणार आहोत. कुणाला काही विचारायचं असेल, कुणाला दवाखान्यात सोबत हवी असेल, तर आम्हाला सांगा. रात्रपाळी सोडून आम्ही कधीही येऊ.



सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जयभीम!